सहीबहाद्दर

धाकटी आपल्या थोरल्या भावाला मनातल्या मनात सहीबहाद्दर म्हणायची. सहीची जागा दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. शेजाऱ्याच्या अर्जावर, कुणाच्याही भाडेकरारावर साक्षीदार म्हणून हा हजर. मजकूर वाचायची तसदी मात्र त्याने जन्मात घेतली नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

आईने मृत्युपत्र लिहिलं ते साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने. वरचा मजला थोरल्याला. खालची खोली आणि बाकी जे उरेल ते धाकटीला. त्या खोलीतच धाकटी कपडे शिवायची आणि तिथंच राहायची. थोरल्याने तो कागद मेलेलं झुरळ धरावं तसा चिमटीत धरला.

"असल्या खाजगी कागदाला कोण विचारतंय, आई? वजन पाहिजे, वजन."

"दोन साक्षीदार लागतात म्हणे. समोरच्या मास्तरीणबाई आणि कंपाउंडर येतायत संध्याकाळी."

"परकी माणसं कशाला? मी काय मेलोय?"

आणि त्याने ऐटीत सही ठोकली. दुसरी वहिनीला करायला लावली. तेवढ्याने भागेना, म्हणून कागद स्कॅन केला, खाली 'साक्षीदार म्हणून मी सही केली आहे' असं टाइप करून स्वतःची डिजिटल सही चढवली आणि फाइल ओळखीच्या नोटरीबाईंना पाठवून दिली. "ही सही कुणाच्या बापाला नाकारता येत नाही," त्याने धाकटीला ऐकवलं. शिवणाऱ्या बाईला यातलं काय कळणार, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

आई गेली. महिना झाला नाही तोच त्याने वरच्या मजल्यासाठी बिल्डर गाठला. मजला हातात आला की धाकटीच्या हातावर थोडेफार पैसे टेकवून बिल्डर अख्खं घर पाडणार होता. "तुझं मशीन कुठं हलवायचं ते बघ," एवढंच तो बहिणीला म्हणाला.

मृत्युपत्र वाचायला तिघं नोटरीबाईंच्या ऑफिसात जमली. तिथं शाईचा वास कोंडला होता. बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"साक्षीदार कोण?"

"मीच. आणि ही आमची मिसेस."

बाईंनी चष्मा काढला. "मृत्युपत्र अगदी पक्कं आहे. साधा कागद चालतो. पण साक्षीदाराला आणि त्याच्या बायकोला त्यातून काही घेता येत नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांचा वारसा कायदाच तसा आहे. तुमचा मजला आता 'बाकी जे उरेल' त्यात गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे बहिणीकडे."

थोरल्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मग तो आणखी खालच्या थराला गेला. "पण ही सही माझी नाहीच. कुणीतरी गिरवलीय."

वहिनीने मान खाली घातली. नोटरीबाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. फाइलवर त्यानेच टाइप केलेली साक्षीची ओळ होती, त्याचं नाव होतं, तारीख होती, आणि सही तपासून खरी ठरल्याची हिरवी खूणही होती.

धाकटीला वाटलं होतं, अशा वेळी सख्ख्या भावाची दया येईल. आली नाही. खोली वाचली म्हणून जीव भांड्यात पडला, आणि आईच्या कागदावरची सही नाकारणाऱ्या या माणसाची किळस आली.

"मृत्युपत्र वाचून दाखवल्याची पोच," म्हणत बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "इथं सही करा."

सवयीने त्याचा हात पेनाकडे गेला आणि अर्ध्यात थबकला. त्याने कागद जवळ ओढला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला.

"सावकाश वाच, दादा," धाकटी म्हणाली. "मला आता कुठं जायचं नाहीये."