काळा पडणारा पाव

बालवाडीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलामागे पांढऱ्याशुभ्र, कडक झग्यात अन्नमहाराज उभे होते. त्यांनी पावाचा तुकडा बशीतल्या पिवळसर पाण्यात बुडवला. तुकडा काळाठिक्कर पडला. आयाबाया हळहळल्या.

"बघितलंत विष? हेच रोज लेकरांच्या पोटात ढकलता. आता आमचा अर्क बघा." त्यांनी बाटलीतला अर्क त्यावर ओतला आणि तुकडा पुन्हा पांढरा झाला. "अन्न सोडा, अर्क पाजा. पोर कसं उजळतं बघा."

उजळतंय कसलं, डोंबलाचं. माझी चार वर्षांची पोर बारा दिवस अर्कावर आणि फळांच्या चार फोडींवर होती. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. बायको गेल्यापासून घर माझी ताई बघते आणि तिचा महाराजांवर भरवसा. मी तिला अडवलं नाही. मला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. लाँड्रीत कपडे धुवायचे, खळ घालायची, इस्त्री फिरवायची, की संपला दिवस.

कडेवरची पोर माझ्या कानाशी लागली. "बाबा, महाराजांच्या बाहीतपण विष आहे?"

पाहिलं तर बाहीवर पिवळं पाणी उडालं होतं आणि तिथे काळानिळा डाग उमटला होता. तो झगा मीच काल खळ घालून दिला होता. आणि असले डाग मी ढिगाने काढलेत. जखमेला लावतात ते तपकिरी आयोडीन खळीच्या चादरीवर सांडलं की हेच होतं. लिंबू चोळलं की जातं.

मी पुढे झालो. "महाराज, तुमचा झगा काय जेवला?"

"भक्तांची पापं अंगावर घेतो आम्ही."

"पापं कुठली, माझी खळ आहे ती."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बालवाडीच्या बाईंनी डब्यातलं उकडलेलं अंडं सोलून त्या पाण्यात टाकलं. ते काळं पडलं नाही. "पावात, बटाट्यात, खळीत स्टार्च असतं. आयोडीनने तेवढंच काळं पडतं," बाई म्हणाल्या. "त्याच पावाने मुलं पळतात, अंड्याने वाढतात. विष कुठेच नाही." मग त्यांनी पावाचा दुसरा तुकडा त्या पाण्यात काळा केला आणि त्यावर डब्यातलं लिंबू पिळलं. तो पांढरा झाला. अर्कातली करामत ती एवढीच.

गर्दीत उभी असलेली ताई खाली बघत होती. "मला वाटलं, पोर तरी वाचेल," एवढंच म्हणाली.

मी बाईंच्या डब्यातला चांगला पाव पोरीपुढे धरला. तिने तोंड फिरवलं. "आई पाव खायची म्हणून मेली ना? महाराज म्हणाले."

कित्येक महिन्यांनी मला राग आला. "आईला आजार होता. पावाने कुणी मरत नाही," मी म्हणालो आणि अर्धा पाव तिच्यासमोर खाल्ला. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला.

चमत्कार दिसला की त्याच पाण्यात आणखी एखादी वस्तू बुडवून बघा. बुडवू देत नसतील, तर उठून घरी जा आणि मुलांना जेवायला वाढा.