खिळ्यासकट आलेले सासरे

दारात जोडे काढायला जागा उरली नव्हती. अर्धी गल्ली बैठकीच्या खोलीत शिरली होती आणि एकच फोटो हातोहात फिरत होता. फोटोत सासूबाई खुर्चीवर बसलेल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून दोन वर्षांपूर्वी वारलेले सासरे काचेसारखे आरपार, मंद हसत डोकावत होते. फोटो धाकट्या सुनेने काढला होता. सासऱ्यांचा जुना फिल्मचा कॅमेरा माळ्यावरून काढून ती घरच्यांवर हात बसवत होती. पहिल्याच रोलमध्ये मुलांची डोकी कापली गेली, नवरा हलला आणि सासरे तेवढे नीट आले, हे तिला जरा लागलंच.

मधोमध पलीकडचे काका बसले होते. मेलेल्यांशी बोलायचं हा त्यांचा उद्योग. मेलेले तक्रार करत नाहीत, त्यामुळे तो बरा चालला होता.

"ही चौकट दिसते?" काका डोळे मिटून म्हणाले. डोळे मिटले की त्यांना जास्त दिसे. "ते पलीकडचं दार. वरचा हा ठिपका म्हणजे त्यांचा प्राण. वहिनींना न्यायला आलेत. गोळ्या घेऊन त्यांची वाट अडवू नका."

सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या फोटो आला त्या दिवशीच, तीन दिवसांपूर्वी, बंद केल्या होत्या. उठताना त्यांचा तोल जाई, पण चेहऱ्यावर नव्या नवरीची लाली.

"आई, गोळी घ्या ना," धाकटी म्हणाली.

"ते बोलावताहेत, आणि तू गोळी काय घेऊन बसलीस?"

धाकटीने गोळी परत डबीत ठेवली. हे भूत तिच्याच हातून घरात आलं होतं.

दुपारी तिने निगेटिव्ह आणि आपली वही काढली. शिकाऊ असल्याने ती प्रत्येक फोटो वहीत टिपून ठेवी. वहीत फोटो बारा, फिल्मवर अकरा. सातवा होता घरातल्या अंधाऱ्या बोळातल्या सासऱ्यांच्या तसबिरीचा. सरावासाठी, कारण घरात न हलणारे तेवढेच. पुढे लिहिलं होतं, "दूध उतू गेलं." आठवा, आई खुर्चीत. या कॅमेऱ्यात दर फोटोनंतर हाताने चावी फिरवून फिल्म पुढे ओढावी लागते. ती दुधाकडे धावली, चावी राहिली आणि आठवा फोटो सातव्यावरच पडला. पलीकडचं दार म्हणजे तसबिरीची चौकट, आणि प्राण म्हणजे भिंतीतला खिळा.

तिने सगळ्यांना सांगून पाहिलं. "प्रत्येक गोष्ट वहीत थोडीच मावते?" काका हसले. गल्ली मान डोलावून मोकळी झाली.

"बरं काका, तुमचा एक फोटो काढू?"

काकांनी लगेच केस विंचरले आणि धाकटीने टांगलेल्या काळ्या पडद्यासमोर हात उंचावून उभे राहिले. धाकटीने नव्या रोलवर फोटो काढला आणि चावी न फिरवता कॅमेरा सासूबाईंच्या हातात दिला. "आई, टेबलावरची ती गोळ्यांची डबी दिसते ना? आता बटण दाबा." सासूबाईंनी सुनेचं मन राखायला बटण दाबलं.

उरलेला रोल मुलांवर संपवून तिने दुसऱ्या दिवशी फोटो करून आणले. संध्याकाळी गल्ली पुन्हा जमली. गोळ्यांच्या डबीवर काका आरपार उभे होते, आशीर्वाद देत.

"काका, तुम्ही कधी गेलात?" धाकटीने काळजीने विचारलं. "आणि आईंनी गोळ्या घ्याव्यात म्हणून आलात का?"

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच.

"हा कॅमेऱ्याचा दोष आहे," काका म्हणाले.

"कालपासून मी तेच तर सांगतेय."

काका घाईत दुसऱ्याचेच जोडे घालून गेले.

गर्दी ओसरली तरी सासूबाई दोन्ही फोटो मांडीवर घेऊन बसून होत्या.

"हा दुसरा मीच काढला, नाही का? म्हणजे ते आले नव्हते."

"नाही, आई. माझी चूक झाली."

"दोन वर्षांत मी इतकी खूश झाले नव्हते गं."

धाकटीला रडू आवरेना. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, खुर्चीचा तो फोटो उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी आण. आणि उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

आठवण येते, गेलेलं माणूस येत नाही. फोटो दाखवून कोणी औषध बंद करायला सांगितलं, तर त्याच्याकडे निगेटिव्ह मागा. ती मिळेपर्यंत गोळी चुकवू नका.