पायावर पाय

वर्डेल टब्जने दोन वर्षं गोऱ्यांच्या कॉलरी धुतल्या, कडक इस्त्री केल्या आणि त्या पैशांतून विजेवर वाजणारी गिटार आणली. त्या वेळी काळ्या लोकांच्या अख्ख्या बीकर्स बेंड गावात एकाही बाईकडे असलं वाद्य नव्हतं, आणि निम्म्या घरांत तर वीजच नव्हती. चर्चमध्ये होती, पण एकाच बल्बपुरती. वर्डेलने त्याच होल्डरमधून वायर ओढली. ती जोरात वाजवायला लागली की बल्ब मंद व्हायचा आणि पाळक क्रंप भर प्रवचनात दचकून वर बघायचे.

हे सगळ्यांनी चालवून घेतलं. मदर टेंपीने नाही.

चर्चमधली सर्वांत वडीलधारी बाई म्हणून तिला सगळे मदर म्हणत, आणि पायांचा न्याय चाळीस वर्षं तिच्याकडे होता. पवित्र आत्मा अंगात उतरला की तिथे नाचायला मनाई नव्हती, उलट न नाचणाऱ्याकडेच लोक संशयाने बघत. अट एकच. पाय सरकवा, घासा, आपटा, ती भक्ती. पण एक पाय दुसऱ्यावरून पलीकडे गेला की तो नाच, म्हणजे पाप, म्हणजे गावातल्या ल्यूथरच्या दारूच्या गुत्त्यातली शनिवारची रात्र.

"येत्या रविवारी वाजव," मदर टेंपी वर्डेलला म्हणाली. "एकाचा जरी पाय पायावर गेला, तरी हे यंत्र ल्यूथरच्या गुत्त्यात जाईल. नाही गेला, तर मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही."

"मरेपर्यंत, मदर?"

"दात काढू नकोस. मी खोटं बोलत नाही."

ते मात्र खरं होतं. ती कधीच खोटं बोलत नसे. बोलली असती, तर गावातल्या बऱ्याच जणांचं भलं झालं असतं.

वर्डेलची झोप उडाली. लोकांच्या पायांनी नव्हे, स्वतःच्या. जलद सुरावट आली की तिचा डावा पाय आपोआप उजव्यावरून पलीकडे जायचा. नवव्या वर्षापासूनची खोड होती ती. हे माहीत होतं फक्त तिच्या नणंदेला, खंजिरी वाजवणाऱ्या ओझेलाला.

"वहिनी, पाय बांधून टाक," ओझेला म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"झगा लांब आहे तुझा. कोण बघतंय?"

रविवारी वर्डेल एका लांब मोज्याने दोन्ही घोटे आवळून उभी राहिली. मंडळी आली तीच पाय फाकवून. तंबी सगळ्यांनाच पोचली होती. पाळक क्रंप तर दोन पायांत भोपळा धरल्यासारखे चालत होते. मदर टेंपीने मेणाच्या चेरी लावलेली टोपी घट्ट केली, ती सरळ जमिनीवर ओणवी झाली आणि बाकांखालून पाय तपासायला लागली.

वर्डेलने तार छेडली. बल्ब मंद झाला. ओझेलाची खंजिरी सुटली, आणि पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत माणसं उठली. काय तो सोहळा! आत्मा उतरलेली ऐंशी माणसं, डोळे मिटलेले, आणि सगळी बदकांसारखी फेंगडी नाचताहेत. जलद सुरावट आली तेव्हा वर्डेलचा डावा पाय निघाला, मोज्याने त्याला मागे ओढलं, आणि ती टुणकन उडी मारून व्यासपीठाच्या कडेला पोचली. लोकांना ती नवी कृपा वाटली. "हालेलुया!" पाळक ओरडले आणि त्यांनीही उडी मारली.

मदर टेंपी रांगत रांगत व्यासपीठापाशी आली, वर्डेलच्या झग्याखाली डोकावली, मोजा बघून "हं" म्हणाली आणि कठड्याला धरून उठायला लागली. तेवढ्यात वर्डेलची बोटं खालच्या जाड तारेवर उतरली.

मदर टेंपी अर्धवट उठलेलीच थांबली. तिचे डोळे मिटले. टोपी मानेवर घसरली. आणि डावा पाय उजव्यावरून गेला. मग उजवा डाव्यावरून. मग गिरकी. ल्यूथरच्या गुत्त्यात इतकं देखणं पाऊल आजवर कुणी टाकलं नसेल, आणि ही काही या पायांची पहिली खेप नव्हती.

 हे दिसत होतं फक्त वर्डेलला. वाजवणं थांबवलं तर सगळे डोळे उघडतील, सगळ्यांना दिसेल, आणि अटीप्रमाणे गिटार जाईल. वाजवत राहिली तर म्हातारी थांबायची नाही. मग तिने सुरांचा वेग कमी करायला घेतला, उधळलेला घोडा चुचकारत तबेल्यात आणावा तसा. बोटं सोलवटली. पाय अजून एकमेकांवर होते. आणखी हळू. मग गिरकी सुटली, टाचा थकल्या, आणि शेवटच्या सुराला मदर टेंपीचे दोन्ही पाय एकमेकांपासून लांब, सज्जनासारखे जमिनीवर टेकले.

बल्ब उजळला. पाळक धापा टाकत म्हणाले, "मदर, सांगा. कुणाचा पाय पायावर गेला का?"

 मदर टेंपीने टोपी सरळ केली. एक चेरी गळून पडली होती, तिच्याकडे ती फार वेळ बघत राहिली. वर्डेलने गिटार पोटाशी घट्ट धरली. दोन वर्षांच्या कॉलरी तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

"पाळकसाहेब," मदर टेंपी सावकाश म्हणाली, "मी जे जे पाय पाहिले, त्यातला एकही दुसऱ्यावर गेला नाही."

लोकांनी चर्च डोक्यावर घेतलं. ओझेलाने खंजिरी वर फेकली, ती पाळकांच्या डोक्यावर उतरली.

बाहेर झाडाखाली तळलेली कोंबडी आणि रताळ्याची गोड पेस्ट्री वाढली जात होती. वर्डेल मोजा सोडायला वाकली, तोच मदर टेंपी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मरेपर्यंत तोंड उघडणार नव्हतात ना, मदर?" वर्डेल म्हणाली.

"गिटारीबद्दल." म्हातारीने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हा मोजा पुढच्या रविवारी मला दे. नाही, दोन आण. एका मोज्याला माझे पाय ऐकायचे नाहीत."