अर्धी तुटले, तेच चुकलं

मी ऑक्सची वायर बोलतेय. नाव ऐकून गोंधळू नका. फोनमधलं गाणं गाडीच्या स्पीकरवर वाजवायचं असेल आणि गाडीत ब्लूटूथ नसेल, तर फोन आणि टेप यांच्यामध्ये जी काळी वायर लागते ना, ती मी. दोन टोकांना दोन सोनेरी पिना आणि मध्ये दीड हात रबर. दिसण्यात काही राम नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलणं पोचवलं, आज मात्र माझं ऐका. दहिसरला एक बाई एका चुकीचा दोष स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसली आहे, आणि ती चूक माझी आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती बोरिवलीतल्या हर्षदभाईंच्या दुकानातली. गाड्यांच्या सामानाचं दुकान. सीट कव्हरं, मान डुलवणारी प्लास्टिकची कुत्री, अत्तराच्या बाटल्या. त्यांच्यात मी एका खिळ्याला लटकत होते. एका रविवारी निलेश आला. त्याने नुकतीच जुनी गाडी घेतली होती, चंदेरी रंगाची. टेप होता, पण जुन्या पद्धतीचा.

"नवीन सिस्टम टाका ना," हर्षदभाई म्हणाले.

"नको यार, वायर द्या. काम झालं म्हणजे झालं," निलेश म्हणाला. असं माझं लग्न ठरलं.

निलेश दहिसरला राहायचा आणि अंधेरीला औषधांच्या पॅकिंगच्या कंपनीत कामाला होता. घरात बायको तेजल, दहा वर्षांची मुलगी प्रांजल, आणि आईवडील. वडील काशीराम. जन्म मालवणाकडच्या खेड्यातला, उमेदीची वर्षं गिरणीत गेली, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी. आई सुगंधाबाई. नवरा-बायकोने एकमेकांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. ते म्हणायचे "गो, आयकलंस?" आणि त्या म्हणायच्या "प्रांजलचे आजोबा खय आसत?"

काशीरामना गाडीत पुढची सीट लागायची. गुडघे गेले होते, दम लागायचा, दर पंधरा दिवसांनी बोरिवलीला डॉक्टरकडे न्यावं लागायचं. बसल्या बसल्या ते मला बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत. मला ते आवडायचं. निलेशची गोष्ट वेगळी. तो मला पिन धरून कधी काढायचा नाही, वायर धरून खस्सकन ओढायचा. मग कप्प्यात कोंबून झाकण लावायचा, आणि माझी मान झाकणात चेंगरायची. माणसांची ही सवयच आहे. जी वस्तू मुकाट्याने चालते तिच्याकडे कुणी बघत नाही.

आता गाऱ्हाण्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय.

कोकणात गणपतीला घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. गावच्या सगळ्या देवांना एकेक करून हाक मारायची, घराण्यातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची, घरातल्या प्रत्येकासाठी काय हवं ते मागायचं, आणि दर वाक्याला मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काशीराम चाळीस वर्षं गावच्या घरी ते घालत आले होते. त्या वर्षी मात्र डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं आणि गणपतीत गाऱ्हाणं शेजारच्या म्हाताऱ्याने घातलं. पुढे हे आपल्याला करावं लागणार हे निलेशला कळलं, आणि त्याला त्यातल्या चार ओळीही येत नव्हत्या.

"बाबा, तुम्ही फोनवर बोला, मी रेकॉर्ड करून पाठ करतो," तो म्हणाला.

"गाऱ्हाणा काय गाणा आसा, रेकॉर्ड करूक?" काशीराम भडकले. "देवाच्या फुडे उभा रवान घालूक व्हया."

दोन महिने बापलेकांचा हा वाद चालला. मग एका रविवारी डॉक्टरकडून परतताना गाडी सीएनजीच्या रांगेत उभी होती. दुपारची वेळ, रांग पार वळणापर्यंत. काशीराम मला बोटाभोवती गुंडाळत बसले होते. अचानक म्हणाले, "कर चालू तुझा ता. आणि ग्रुपार टाकू नको हां. देवाचा आसा ता, लोकांका फॉरवर्ड करूचा नाय."

निलेशने फोनचं बटण दाबलं. मी फोनला लावलेलीच होते. काशीरामनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा. गुडघे गेले म्हणान आज बसान सांगतंय, राग मानू नको."

"व्हय म्हाराजा," मागच्या सीटवरून प्रांजल म्हणाली. तिला हे गावाहून माहीत होतं.

एकेक देव आला, एकेक पूर्वज आला. नऊ मिनिटं झाली. काशीरामना ठसका लागला, बाटलीतलं पाणी संपलं होतं. निलेश पाणी आणायला उतरला, प्रांजल त्याच्याबरोबर गेली. फोन तसाच चालू राहिला. गाडीत काशीराम, फोन आणि मी. ठसका थांबला तसे ते पुन्हा बोलायला लागले, आवाज अगदी खाली आणून.

"आणि म्हाराजा, एक सांगूचा रवला. ही माझी बाईल, सुगंधा. चाळीस वर्सा सगळ्यांसाठी मागलंय, हिच्यासाठी कधी मागूक नाय. लाज वाटायची. माझ्या मागसून हिका कोणाच्या तोंडाकडे बघूची पाळी येव नको. इतक्याच."

मागे कुणी नव्हतं. ते क्षणभर थांबले आणि स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

निलेश पाणी घेऊन आला. "झाला," काशीराम म्हणाले, आणि त्याने बटण बंद केलं. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. शेवटची दोन मिनिटं कुणा माणसाने ऐकलेली नव्हती.

मार्गशीर्षात काशीराम गेले.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी गाडीतच निलेशने आईला रेकॉर्डिंगचं सांगितलं. सुगंधाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाल्या, "आता नको. माका सोसूचा नाय. घरात तर लावच नको. वर्ष होऊंदे, मगे ऐकतलंय."

घर दोन खोल्यांचं. निलेशने आईचा शब्द पाळला. ठरवलं, पाठ करायचं ते गाडीत, ऑफिसला जाताना. कानात इअरफोनची बोंडं घालून त्याला ऐकायचं नव्हतं. बाजूच्या रिकाम्या सीटवर बाबा बसलेत आणि म्हणतायत, असं त्याला हवं होतं. हे तो एकदा तेजलला म्हणाला होता, म्हणून मला ठाऊक.

याच सुमारास माझ्यात बिघाड झाला. नीट सांगते. माझ्या पोटात तीन तारा आहेत. एक डाव्या स्पीकरची, एक उजव्या स्पीकरची आणि तिसरी दोघींची सामाईक, परतीची. ही तिसरी मानेपाशी आतल्या आत तुटली. वरून रबर धडधाकट. आता अशी तुटलेली वायर पूर्ण बंद पडत नाही, तिथेच सगळा घात होतो. दोन्ही बाजूंना जे वेगळं असतं ते वाजत राहतं, आणि जे सारखं असतं ते एकमेकांत विरून जातं. गाण्यात ढोलकी एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, ती वाजायची. गाणारा बरोबर मध्ये उभा असतो, तो नाहीसा व्हायचा.

प्रांजलला तर मजाच वाटली. "पप्पा, आज गाणारा सुट्टीवर आहे," म्हणाली आणि स्वतःच गायला लागली. तेजल हसली, निलेश हसला. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं मी गाणी पोचवली, पण त्या गाडीत कुणी गायलं नव्हतं. बिघाड झाकला गेला याचा मला आनंद झाला, याची आज लाज वाटते.

आषाढात निलेशने रेकॉर्डिंग काढलं. सकाळची वेळ, दहिसर नदीचा पूल मागे पडला होता. त्याने फोन मला जोडला, बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

काही नाही. नुसती सूं सूं.

फोनवर केलेलं साधं रेकॉर्डिंग डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखं असतं. म्हणजे माझ्यातून जाताना ते सगळंच्या सगळं विरून गेलं. काशीराम बोलत होते. मला शब्दन् शब्द कळत होता, बारा गावांचे देव, पूर्वज, आणि शेवटी सुगंधा. पण माझ्या पलीकडे स्पीकरमध्ये शांतता होती. निलेशने आवाज पूर्ण मोठा केला. अकरा मिनिटं तो गाडी चालवत शांतता ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. रेकॉर्डिंग थांबवून गाणं लावून बघितलं, तर ढोलकी ठणठणीत वाजली. मग वायरीवर संशय कोण घेणार? "माईकवर बोट आलं असणार माझं," तो स्वतःशीच म्हणाला. "एक काम दिलं होतं बाबांनी. त्याची पण वाट लावली मी."

एकदाच, फक्त एकदाच मला उपसून त्याने बटण दाबलं असतं. फोन स्वतःच्या तोंडाने बोलला असता. पण गाडी चालू असताना तो मला कधी काढायचा नाही. एरवी ओढून ओढून माझा जीव घेणाऱ्याला त्या तीन दिवसांत ऐन रेकॉर्डिंग चालू असताना मला ओढावंसं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी कांदिवलीच्या सिग्नलला फोनने सांगितलं, जागा भरली. निलेशने यादी उघडली. अकरा मिनिटांच्या त्या ओळीकडे बघत राहिला. मागच्या रिक्षाने हॉर्न मारला. त्याने ती ओळ पुसून टाकली. रिकामी फाईल डोळ्यांसमोर नको झाली होती त्याला.

पुसलेलं फोनमध्ये तीस दिवस शिल्लक असतं, मग कायमचं जातं. ते तीस दिवस मी कशी होते ते मलाच माहीत. रोज सकाळी फोन मला जोडला जायचा, रोज मला वाटायचं, आज तरी मी पूर्ण तुटावं. एकदा पूर्ण तुटले असते तर निलेश वैतागला असता, मला फेकून नवी वायर आणली असती, गाणारा परत आला असता आणि त्याला कोडं सुटलं असतं. पण नाही. मी इमानाने ढोलकी वाजवत राहिले.

गणपतीला गावी जायच्या आधी तो गाडी घेऊन हर्षदभाईंकडे गेला. लांबचा प्रवास, टायर वगैरे बघायचे होते. हर्षदभाईंनी सहज टेप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"निलेशभाई, गाणारा कुठे गेला? वायर गेली ना यार तुमची."

"गेली कुठे? वाजतंय की."

"नुसती म्युझिक वाजते. आतून कॉमन तार तुटली." त्यांनी नवी वायर लावली. गाण्यातला माणूस परत आला. निलेश हसला सुद्धा. मग हर्षदभाई सहज बोलून गेले, "हे तर गाणं आहे म्हणून थोडं तरी वाजलं. फोनवर कुणी बोललेलं रेकॉर्डिंग असेल, ते तर या वायरीत बिलकुल वाजणार नाय. एकदम सायलेंट."

निलेशचं हसू तिथेच विरलं. त्याने फोन काढला, पुसलेल्या गोष्टींचा डबा उघडला. डबा रिकामा होता. मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. तो दुकानाच्या पायरीवर बसला.

त्याने मला फेकलं नाही. का, ते मला कळलं नाही. कप्प्यातच ठेवलं.

गावी गाऱ्हाणं झालं. शेजारचे भाऊराव म्हातारे मागून एकेक नाव सांगत गेले, निलेश म्हणत गेला. शब्द मिळाले. शब्द कुणाकडे तरी असतातच. परतताना सुगंधाबाई गाडीत म्हणाल्या, "बरा घातलंस हां." निलेशने गिअर बदलला. पुढचे तीन महिने त्याने रेकॉर्डिंगचं आईला सांगितलं नाही.

मार्गशीर्ष आला, वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी भाजीला जाताना सुगंधाबाई पुढच्या सीटवर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता लाव."

निलेशने गाडी बाजूला घेतली. सगळं सांगितलं. पुलापाशी सुरू झालेली शांतता, तीन दिवस, सिग्नल, तीस दिवस, हर्षदभाई. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "आई, माझी चूक आहे. मी एकदा तरी नुसत्या फोनवर लावून बघायला हवं होतं."

सुगंधाबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "घरात लावलं असतंस तर वाजला असता मां?"

निलेशने होकारार्थी मान हलवली.

"मीच नको म्हटलंय," त्या म्हणाल्या. "तू माझा ऐकलंस. माझाच चुकला रे झिला. माणूस बोलूक आसा तेव्हा ऐकून घेवचा आसता. मी वर्ष कशाक थांबलंय?"

मग त्यांनी कप्पा उघडून मला बाहेर काढलं. उलटसुलट करून बघितलं. घरी आल्यावर काशीरामांचा चष्मा आणि गिरणीचा पास ज्या पत्र्याच्या डब्यात आहे, त्यात ठेवलं. तिथूनच मी बोलतेय. रोज संध्याकाळी डबा उघडतो, सुगंधाबाई चष्मा पुसतात, माझ्याकडे बघतात आणि पुटपुटतात, "माझाच चुकला."

मी काय सांगू त्यांना? तो आवाज माझ्यातून तीनदा गेला, जगात त्याला शेवटची ऐकणारी मीच. अकरा मिनिटं मला तोंडपाठ आहेत आणि मला तोंड नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडते. कधी दहिसरला गेलात, तर नदीच्या पुलाजवळच्या चाळीत सुगंधाबाई कुठे राहतात ते विचारा. त्यांना सांगा, चूक वायरीची होती. आणि हेही सांगा की नवऱ्याने देवाकडे तुमचं नाव घेऊन मागितलं. मागे "व्हय म्हाराजा" म्हणायला तेव्हा कुणी नव्हतं. तेवढं तुम्ही म्हणा.