कुटुंबप्रमुखाची परवानगी

आर्डिस टॉलेफसनने घर सोडल्यापासून आपला नवा पत्ता कुणालाही दिला नव्हता. सख्ख्या आईलाही नाही, कारण आईच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि लाइल तिचा लाडका जावई होता. लाइल म्हणजे आर्डिसचा नवरा. त्याने गाडीच्या दारात तिचा हात चेंगरला आणि वर दवाखान्यात स्वतःच डॉक्टरांना सांगितलं, "काय करणार, बायको वेंधळी आहे माझी." त्या आठवड्यात ती एक बॅग घेऊन निघाली आणि दूरच्या काउंटीत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहायला लागली.

सगळं मागे टाकता आलं, मधुमेह तेवढा पाठोपाठ आला. इन्शुलिनचं शेवटचं पेन संपत आलं होतं. जुना विमा लाइलच्या खात्यावर होता. तो वापरला असता तर औषध कुठल्या दुकानातून घेतलं हे त्याला घरबसल्या कळलं असतं. नवा घ्यायचा तर राज्याच्या विमा बाजारात, म्हणजे सरकारी विमा मिळायच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, आणि अर्जात राहता पत्ता लिहायचा. इकडे आड, तिकडे विहीर. नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा ती लायब्ररीत गेली.

तिथे फिलिस बसायची. लोकांना विम्याचे अर्ज भरायला मदत करायची म्हणून राज्याने नेमलेली, साठीची, विणलेल्या स्वेटरातली बाई. आर्डिसची हकिगत तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली, राहत्या पत्त्यापर्यंतचा अर्ज भरून दिला आणि संगणक तिच्याकडे वळवला.

"पुढे विचारतील, लग्न झालंय का. तिथे 'नाही' म्हणायचं."

"पण झालंय ना माझं."

"झालंय गं. पण मारक्या नवऱ्यापासून निघून आलेल्या बाईने 'नाही' म्हटलं तर चालतं. सरकारचाच नियम आहे तो."

"आणि उद्या मला कुणी खोटारडी म्हटलं तर?"

"बेकरीतला केक मी चर्चच्या विक्रीत घरचा म्हणून खपवते, त्याला खोटं म्हणतात. हे नव्हे."

आर्डिसला हसू आलं. किती दिवसांनी, तिलाच आठवेना.

तेवढ्यात प्रिंटरपाशी एका म्हाताऱ्याने कागद अडकवून ठेवला आणि फिलिसच्या नावाने हाका मारायला लागला. "आलेच मी," म्हणून ती उठली.

आर्डिस एकटी पडद्यासमोर उरली. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. खाली तो प्रश्न. लहानपणी रविवारच्या शाळेत खोटं बोलली म्हणून तिला सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं होतं. आणि लग्नानंतर लाइलचं एकच पालुपद: तुझ्यासारख्या खोटारडीवर विश्वास कोण ठेवणार? आता एकदा खोटं लिहिलं की तो खरा ठरला. उद्या विमा रद्द झाला की तो खरा ठरला. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं कुलूप होतं, शेजारी लिहिलं होतं, तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे. सरकारी कुलूप म्हटल्यावर तिला धीर आला. बिचारीने 'हो' दाबलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तेही भरलं. जन्मतारीख विचारली, तीही भरली. काम अर्धवट सोडायची तिला सवयच नव्हती.

पडद्यावर चक्र फिरलं आणि शब्द उमटले: तुमचं कुटुंब आमच्या नोंदीत सापडलं. पत्ता बदलला आहे. कुटुंबप्रमुखाला नवा पत्ता कळवला आहे.

फिलिस परतली आणि तिने ते वाचलं. "आर्डिस, अगं काय करून बसलीस!"

"खरं लिहिलं," आर्डिस म्हणाली.

फिलिसने लगेच विमा बाजाराच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ट्रॉय नावाचा मुलगा बोलत होता, आवाज तुपासारखा मऊ.

"पत्ता काढून टाका," फिलिस म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. ही बाई नवऱ्याच्या भीतीने लपून राहतेय."

"ऐकून वाईट वाटलं, मॅडम. पण खात्याचे प्रमुख मिस्टर टॉलेफसन आहेत. त्यांच्या परवानगीशिवाय मला त्या खात्याबद्दल बोलता येत नाही."

"पत्ता माझा आहे!" आर्डिस ओरडली. वाचत बसलेली माणसं वळून बघायला लागली.

"हो मॅडम, पण खातं त्यांचं आहे. त्यांच्या खासगी माहितीचं रक्षण करणं आमचं कर्तव्य आहे."

"आणि तिच्या माहितीचं?" फिलिसने विचारलं.

"तिचंही करतोच. म्हणून तर परवानगी मागतोय."

कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं, आणि खाताना वर अदबीने मॅडम मॅडम म्हणतं! फिलिसने नियम सांगितला, वरिष्ठांना बोलवायला सांगितलं, शेवटी चक्क हात जोडल्यासारखी विनवणी केली. ट्रॉय म्हणाला, "विचारून बघतो, लाइनवर थांबा."

फोनमधून सनईचा वाटावा असा काहीतरी गोड सूर वाजायला लागला. आर्डिस दाराकडे बघत राहिली. इथून उठायचं तर जायचं कुठे? खोलीवर जायचं नाही. आईकडे जायचं नाही. आणि विमा नसेल तर औषधाशिवाय जाणार तरी किती लांब?

"निरोप बघितलाच नसेल त्याने," फिलिस म्हणाली. "कोण बघतं गं असले सरकारी निरोप?"

"लाइल बघतो," आर्डिस म्हणाली. "सगळं बघतो."

सूर थांबला. ट्रॉय परत आला तो खुशीतच.

"मॅडम, काम झालं बघा! मिस्टर टॉलेफसनचा स्वतःहूनच फोन आलाय दुसऱ्या लाइनवर. परवानगी देतो म्हणतायत. तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत फक्त. जोडून देऊ?"

आर्डिसने फोन जवळ ओढला. "तेच आहेत... कशावरून?"

"त्याची काळजी नको, मॅडम. ओळख पटल्याशिवाय आम्ही कुणालाच काही सांगत नाही. त्यांना सध्याचा राहता पत्ता विचारला. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, घरनंबरासकट घडाघडा सांगितलं त्यांनी."