कोरं घड्याळ

जुनी घड्याळं जमवायचा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला, आणि तोही साधासुधा नाही. घड्याळ जुनं हवं, पण कोरं हवं. म्हणजे बनून जमाना झालेला, पण कोणाच्या मनगटावर कधी न चढलेलं. काचेवरची फिल्म आणि पाठीवरचा कागद जसाच्या तसा. नवशिक्याने असा हट्ट धरला की लोक त्याला बनवतातच. पहिल्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवलेली निघाली. दुसऱ्याच्या पाठीवर घासून पुसट केलेली अक्षरं उजेडात वाचता आली : ‘साडूंना सप्रेम’. बायको पोट धरून हसली. मी नुसता धुमसत होतो. एक तरी अस्सल कोरं घड्याळ मिळवीन, नाहीतर हा नादच सोडीन, असं मी तिला सांगून टाकलं.

मग कळलं, की एक म्हातारे घड्याळवाले दुकान आवरताहेत. लगेच गेलो. काउंटर निम्मं रिकामं, भिंतीवर घड्याळांच्या जागी नुसते खिळे. मी कोऱ्या घड्याळाचं विचारलं तेव्हा काकांनी आतल्या कपाटातून एक डबी काढली. भिंग लावून पाहिलं. फिल्म होती, कागद होता, पट्ट्याला साधी सुरकुतीही नव्हती. मी घासाघीससुद्धा केली नाही. पैसे दिले आणि बायकोला फोन करायला बाहेर गेलो, कारण आत रेंज नव्हती.

परत आलो तर काकांनी फिल्म सोलली होती. पाठीवरच्या कागदाचा बोळा टेबलावर पडला होता. चावी देऊन, वेळ लावून झाली होती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात ओढून पट्टा बांधून पाहिला, आणि सैल वाटला म्हणून टोच्याने त्याला एक भोकही पाडलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते असंच घड्याळ देत आले होते; वेळ लावल्याशिवाय ते दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही.

माझं डोकंच फिरलं. पार मातेरं केलंत म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो. हे मला घालायचं नव्हतंच, जपून ठेवायचं होतं, हेही बजावलं.

ते गोंधळले. चष्मा काढून उगाच पुसत बसले.

“मग आधी सांगायचंत,” ते म्हणाले. “ठेवलेलं तर माझ्याकडेही होतंच की. मला वाटलं, अखेर कोणीतरी घालायला नेतंय.”

त्यांनी पैसे परत देऊ केले. पण मागे ठेवून तरी काय उपयोग होता? आता ते त्यांच्या कपाटातही कोरं राहिलं नसतं. मी तणतणत निघालो.

बसथांब्यावर एका बाईंनी वेळ विचारली. मी मनगट बघून सांगितली. घड्याळ जुनं दिसतंय, बरोबर दाखवतं ना, असं त्यांनी विचारलं.

“नवं आहे,” मी खेकसलो. “आजच पहिल्यांदा घातलंय.”