राजपत्रासमोरची मोकळी जागा

मित्रांनो, माळशेज घाटाकडे जाताना वैशाखऱ्याच्या नाक्यावर तुम्ही मला पाहिलं असेल. चहाच्या टपरीशेजारी दोन लोखंडी पायांवर उभा असतो, तो मीच. मी एक जुना फळा आहे. आणि आधीच सांगून टाकतो, मी मनाचा काही मोठा नाही. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं.

मी सागाचा. एका सुतारानं मला रंधा मारून, काळा रंग देऊन शाळेत पोचवलं आणि तीस वर्षं मी मुलांना बाराखडी दाखवली. मग एक पांढराशुभ्र फळा आला. त्याच्यावर म्हणे खडूची धूळ उडत नाही! सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि मी सामानाच्या खोलीत गेलो. त्या पांढऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तिथून मला संजीवनीताईंनी बाहेर काढलं. त्या गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. त्यांनी मला नाक्यावर आणलं ते सावळीसाठी.

सावळी म्हणजे आमच्या गावच्या सकुबाईची लेक. माझ्यावरच ती वाचायला शिकली. लग्नाला नाही म्हणाली म्हणून एका माणसानं दिवसाढवळ्या तिच्या हातावर कोयता मारला. तो तुरुंगात गेला, खटला उभा राहिला. पण तो जामिनावर कधी सुटेल हे सावळीला कोणी कळवणार नव्हतं. कळवायलाच हवं, असा नियम नव्हता. म्हणून ती घर सोडून किन्हवलीला, धोंडीबाई मावशीकडे राहायला गेली. पुढे पेपरात आलं, की अशा आरोपीला सोडण्याआधी पोलिसांनी फिर्यादीला कळवलंच पाहिजे, असं एक विधेयक येणार आहे.

संजीवनीताईंनी मुरबाडच्या एका वकिलांकडून सगळं समजून घेतलं. मग माझ्यावर ऑइलपेंटनं पाच ओळी लिहिल्या, पुसल्या न जाणाऱ्या. मांडलं. विधानसभा. विधान परिषद. राज्यपालांची सही. राजपत्र. प्रत्येक ओळीपुढे तारखेसाठी जागा मोकळी सोडली. अधिवेशन सुरू झालं की सकाळच्या एसटीनं पेपर यायचा, ताई तो उभ्यानंच वाचायच्या आणि काही घडलं असेल तर खडूनं तारीख टाकायच्या. राजपत्रात छापून येईपर्यंत तो नुसता कागद, कायदा नाही, हे त्या दिसेल त्याला सांगायच्या.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते! सकुबाईला वाचता येत नाही. ती रोज शेतावर जाताना थांबायची आणि विचारायची, "ताई, आज काय आलं गो?" ताई सांगायच्या. मग सकुबाई त्या ओळीवरून हळूच हात फिरवायची. त्या हाताची मी रात्रंदिवस वाट पाहायचो.

आणि मग मनोजचा मोबाईल आला.

मनोज मुरबाड-वैशाखरे जीप चालवतो. जीपच्या काचेपुढे त्यानं हा मोबाईल ऐटीत बसवला आणि गावाचा ग्रुप काढला. मोबाईलला बोलता येतं, गाणी म्हणता येतात, अंधारात उजेड पाडता येतो. मला काय येतं? उभं राहता येतं. सगळे त्याच्याभोवती जमू लागले. तेही मी सोसलं असतं. पण एके सकाळी सकुबाई माझ्यासमोरून सरळ पुढे गेली आणि जीपपाशी थांबली. "मनोज, काय आलं का रे?" तो दिवस मी विसरणार नाही. माझा इतका जळफळाट झाला, की उन्हानं पडल्या नसतील तितक्या भेगा मला त्या दिवशी पडल्या असतील.

यंदाच्या अधिवेशनात ते विधेयक विधानसभेत मंजूर झालं. ताईंनी सकाळीच येऊन दुसऱ्या ओळीपुढे तारीख टाकली, खालच्या तिन्ही ओळींपुढे 'बाकी' असं ठसठशीत लिहिलं आणि अंगणवाडीच्या बैठकीसाठी मुरबाडला गेल्या. तेवढ्यात मोबाईलवर कुठून तरी निरोप आला: विधेयक मंजूर, कायदा झाला! मनोजनं तो मोठ्यानं वाचला. सकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नाक्यावर सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि त्याच मोबाईलवरून लेकीला बोलावलं, "सावळे, कायदा झाला गो! आता तो सुटायच्या आधी आपल्याला सांगतील. घरी ये."

खरं काय ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं. कोणी मान वळवून पाहिलं नाही. आणि मला काय वाटलं, ठाऊक आहे? आनंद झाला. बरं झालं, आता मोबाईलची चांगली जिरेल, असं मी म्हणत होतो. हे सांगताना मला लाज वाटते, पण लपवणार नाही.

दुपारच्या एसटीतून सावळी उतरली. खांद्याला पिशवी, दोन वर्षांनी गावात पाऊल. माझा आनंद तिथेच संपला. तो कधीही सुटू शकत होता आणि ही पोर त्याच्या वाटेवर येऊन उभी राहिली होती. मला ओरडावंसं वाटलं. फळ्याला कुठून येणार आवाज?

पण सावळी थांबली. लहानपणीची सवय असेल. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मला वाचलं, अगदी बोट ठेवून.

"आये," धावत आलेल्या सकुबाईला ती म्हणाली, "हितं तर बाकी लिवलंय. आजून कायदा नाय झाला."

मनोज खाली उतरला. त्यानं मला वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "माझं चुकलं गो. मंजूर वाचलं आन् आमी नाचाय लागलो."

सावळीनं आपल्या फोनवर माझा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मग मायलेकींनी माझ्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. घर हाकेच्या अंतरावर होतं, तरी ती घरी गेली नाही. चारच्या एसटीनं परत किन्हवलीला गेली. सकुबाई गाडी दिसेनाशी होईपर्यंत माझ्या पायाला धरून उभी होती.

तिसऱ्या दिवशी तो माणूस मुरबाडच्या एसटीतून उतरला. जामीन झाला होता. सकुबाईला कोणी कळवलं नव्हतं, सावळीलाही नाही. तो टपरीवर चहा प्यायला बसला. त्याचा कप अर्धा व्हायच्या आत मनोजनं जीपमागे जाऊन किन्हवलीला फोन लावला होता. सावळीनं धोंडीबाईच्या घराला आतून कडी लावली. मला ते जमलं नसतं. मोबाईलला जमलं. हेवा करायचा तर त्या दिवसाचा करावा, आणि तो मी अजून करतो.

आता सकुबाई दोघांकडेही येते. आधी मोबाईल ऐकते, मग माझ्यापाशी येऊन विचारते, "ताई, फळा काय बोलतो?" माझा दुसरा नंबर लागतो. चालतं. पण विश्वास माझ्यावर, हे मी मोबाईलला ऐकवल्याशिवाय राहत नाही.

मित्रांनो, मला रंग नका देऊ, हार नका घालू. जाता-येता मला वाचा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिथे 'राजपत्र' लिहिलंय आणि पुढे अजून 'बाकी' आहे. ताईंनी टपरीवाल्याकडे एक अख्खा खडू जपून ठेवायला दिला आहे. ती तारीख सावळीच्या हातानं लिहायची, असं ठरलंय. त्या दिवशी ती बातमी मोबाईलनं माझ्याआधी सांगितली तरी मी काही म्हणणार नाही. सावळी एसटीतून उतरावी, तारीख लिहावी आणि चारच्या गाडीकडे न बघता घरी जावी.